घाट, गिअर आणि नियम : टूर द फ्रान्समधील चढाईचा इतिहास (१९०३–१९३७)

प्रस्तुत पाठात आपण सायकल शर्यतीच्या इतिहासातील एका प्रश्नाकडे पाहणार आहोत. चालत्या सायकलवर गिअर बदलण्याची सोय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतच फ्रान्समध्ये उपलब्ध होती. तरीही टूर द फ्रान्स या सर्वांत नामांकित शर्यतीत व्यावसायिक स्पर्धकांना ती १९३७ पर्यंत का वापरता आली नाही? तंत्रज्ञान मागासलेले होते, हे उत्तर पुरेसे नाही. त्यासाठी सायकलीबरोबर ती शर्यत भरवणाऱ्या वर्तमानपत्राकडेही पाहावे लागते.

शर्यत आणि वर्तमानपत्र

टूर द फ्रान्स सुरू केली ती 'लोतो' या क्रीडा दैनिकाने, आपला खप वाढवण्यासाठी. आंरी देग्रांज हे त्याचे संपादक. पहिली शर्यत १ ते १९ जुलै १९०३ या काळात झाली : सहा टप्पे, २,४२८ किलोमीटर, साठ स्पर्धक. त्यांपैकी २१ जणच शेवटपर्यंत पोहोचले. मोरिस गारँ जिंकला आणि दैनिकाचा खपही वाढला. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे एक गोष्ट टिपून ठेवावी. शर्यत भरवणारे, नियम करणारे, दंड ठोठावणारे आणि दुसऱ्या दिवशी तिचे वर्णन छापणारे, हे सगळे एकाच कार्यालयातील लोक होते. या काळातील बऱ्याच प्रसिद्ध कथा त्याच कार्यालयातून आपल्यापर्यंत आल्या आहेत.

वाचकाला रोज नवे धाडस हवे असते, आणि सपाट रस्त्यावर ते फार काळ पुरत नाही. १९०५ मध्ये बालाँ दाल्झासची चढण शर्यतीत आली. १९१० मध्ये शर्यत पिरेनीज पर्वतात शिरली. मार्ग पाहायला गेलेला आलफोन्स स्टेनेस रात्री तूरमाले खिंडीतल्या बर्फात अडकला आणि कसाबसा वाचला. तरीही रस्ता उत्तम असल्याची तार त्याने पॅरिसला केली, असे सांगितले जाते. अर्थात ही कथाही आयोजकांच्या गोटातलीच.

तूरमालेची उंची २,११५ मीटर. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे ही खिंडच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेचारशे मीटरहून अधिक उंच. २१ जुलै १९१० रोजी लुशाँ ते बायोन या ३२६ किलोमीटरच्या टप्प्यात पेरसूर्द, आस्पां, तूरमाले आणि ओबिस्क असे घाट एकापाठोपाठ एक होते. रस्ते कच्चे. स्पर्धक पहाटे अंधारातच निघाले. विजेत्या ऑक्ताव्ह लापीझला सुमारे चौदा तास लागले आणि वाटेत कितीतरी अंतर तो सायकल हाताने ढकलत चालला. ओबिस्कवर त्याने आयोजकांना 'खुनी' म्हटले, हा प्रसंग प्रसिद्धच आहे. गुस्ताव गारिगू तूरमालेवर कोठेही न उतरता चढला आणि त्याला त्याबद्दल खास बक्षीस मिळाले. देशातले उत्तम व्यावसायिक सायकलपटू जमले असताना, न उतरता चढण्याला वेगळे बक्षीस द्यावे लागते, यावरून त्या काळच्या सायकलविषयी बरेच काही समजते.

चढावर नेमके काय घडते

थोडा हिशेब करू. पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २० असतील, तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक २.२ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला, तर सायकल सुमारे ४.६ मीटर पुढे जाते. सँत-मारी-द-कांपाँ या गावापासून तूरमालेचा चढ सुमारे १७ किलोमीटर आहे आणि दर शंभर मीटरला सरासरी साडेसात मीटरच्या आसपास उंची वाढते. म्हणजे प्रत्येक फेरीला स्वतःचे आणि सायकलचे वजन सुमारे ३४ सेंटिमीटर वर उचलायचे, आणि असे हजारो वेळा. मागे २४ दात्यांचे चक्र असेल, तर हेच अंतर २८ सेंटिमीटरवर येते. फेऱ्या वाढतात, पण प्रत्येक फेरीला लागणारा जोर सहाव्या हिश्शाने कमी होतो. गुडघ्यांना हा फरक लगेच कळतो.

शर्यतीच्या सायकलीला त्या वेळी मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक दातेरी चक्र असे. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, नट सैल करायचे, चाक काढून उलटे बसवायचे, चेन ताणून पुन्हा नट आवळायचे. माथ्यावर पुन्हा तेच. थंडीत, पावसात, बोटे बधिर झालेली असतानाही.

याला पर्याय होता. सँत-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने सायकल प्रवासावर मासिक चालवीत आणि अनेक गिअरच्या सायकलींचे प्रयोग गावाजवळच्या घाटावर स्वतः करीत. सायकलवरून प्रवास करणाऱ्या सामान्य हौशी मंडळींना त्यांचे म्हणणे पटत होते. देग्रांज यांना मात्र पटले नाही. बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक; तरुणाने स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशी त्यांची भूमिका होती. ही भूमिका केवळ हेकटपणाची होती असे मला वाटत नाही. वर्तमानपत्राला नायक हवा होता, आणि यंत्राने माणसाचे कष्ट हलके केले की नायक लहान दिसेल, ही भीती तिच्यात दिसते.

तुटलेला चिमटा

हाच विचार दुरुस्तीच्या नियमातही होता. सायकल बिघडली तर स्पर्धकाने ती स्वतःच दुरुस्त करायची, बाहेरची मदत चालणार नाही. ९ जुलै १९१३ रोजी युजेन क्रिस्तॉफ एकूण विजेतेपदाच्या स्पर्धेत पुढे होता. तूरमाले उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा तुटला. सायकल खांद्यावर घेऊन तो सँत-मारी-द-कांपाँपर्यंत चालत गेला. हे अंतर कोणी दहा किलोमीटर सांगतात, कोणी चौदा. गावातल्या लोहाराने भट्टी दिली, काय करावे ते सांगितले, पण हात लावायचा नव्हता. पंच समोर उभे होते. क्रिस्तॉफने स्वतः लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. एका हाताने काम आणि दुसऱ्याने भाता, हे जमेना, म्हणून गावातल्या एका लहान मुलाने भाता ओढला. मदत घेतल्याबद्दल क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे कमी करण्यात आला, पण कित्येक तास आधीच गेले होते. शर्यत फिलिप तीस याने जिंकली. क्रिस्तॉफ सातवा आला.

ही कथा साधारणपणे जिद्दीची म्हणून सांगतात, आणि ती जिद्द खरीच आहे. पण चिमटा का तुटला, हा प्रश्न त्यात मागे पडतो. खडकाळ उतारावर दिवसभर हादरे खाणाऱ्या सायकलचा भार मुख्यतः चिमट्याच्या वरच्या जोडावर येतो. तेथे बारीक तडा गेला तर वेगात तो लक्षात येत नाही. १९१९ मध्ये टूरची पहिली पिवळी जर्सी याच क्रिस्तॉफला मिळाली, आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात त्याचा चिमटा पुन्हा तुटला. तासाहून अधिक वेळ गेला, विजेतेपद गेले. तेव्हा 'लोतो'ने वाचकांकडून त्याच्यासाठी निधी जमवला. ज्या नियमाने त्याला लोहारशाळेत उभे केले, तो नियमही त्याच दैनिकाचा होता!

विसाव्या दशकात सुटे भाग बदलण्याची मुभा मिळू लागली, तरी कष्टाचा भार दुसऱ्यावर सरकला एवढेच. १९३४ मध्ये तरुण चढाईपटू रने व्हिएत्तोने पिरेनीजमध्ये आपला संघनायक आंतोनँ मान्य याला स्वतःचे चाक काढून दिले. दुसऱ्या दिवशी तो घाटात मागे फिरला आणि आपली सायकलच त्याला दिली. मान्य जिंकला.

१९३६ मध्ये आजारपणामुळे देग्रांज यांनी सूत्रे जाक गोदे यांच्याकडे सोपवली. पुढच्याच वर्षी चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्या वर्षीचा विजेता रोजे लापेबी अशाच सायकलवर जिंकला. घाटाच्या पायथ्याशी चाक उलटे करण्यासाठी उतरण्याची गरज आता उरली नव्हती.