प्राणिवर्तनाचा अभ्यास आणि पोटापाण्याचा प्रश्न

भिलाईच्या पोलाद कारखान्याने १९७२ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून मैत्रीबाग उभारली. तेथील पांढरे वाघ पाहून आलेल्या एखाद्या मुलाने, जनावरांच्या वागणुकीचाच अभ्यास आपण जन्मभर करणार, असे घरी जाहीर केले, तर आम्हां नोकरदार मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो पोटापाण्याचा. प्रश्न गैर नाही. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी मुंबईच्या एका संस्थेचा इतिहास आठवणे उचित होईल.

सप्टेंबर १८८३ मध्ये मुंबईत आठ गृहस्थांनी बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्यांत दोघे आपले होते : प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन. एडवर्ड एटकिन हे संस्थापक जकात व मीठ खात्यातील अधिकारी. संस्थेच्या आरंभीच्या मंडळींपैकी स्टर्नडेल यांनी सातपुड्यातील सिवनीच्या रानावर ग्रंथ लिहिला होता. यांपैकी कोणाचाही चरितार्थ प्राणिशास्त्रावर चालत नव्हता. १८८६ मध्ये संस्थेचे नियतकालिक निघाले आणि दूरदूरच्या ठाण्यांवर नेमलेल्या वनाधिकाऱ्यांची, डॉक्टरांची व लष्करी अंमलदारांची टिपणे त्यात येऊ लागली. बदलीच्या गावचा एकांत अशा रीतीने शास्त्राच्या उपयोगी पडला. आमच्या या प्रदेशाचेच उदाहरण द्यावयाचे, तर जुन्या मध्यप्रांताच्या वनखात्यातील डनबार ब्रँडर यांनी येथील वन्य पशूंच्या सवयींवर लिहिलेला ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो नोकरीत राहून केलेल्या निरीक्षणाचे फळ होय.

तथापि ज्याला हाच व्यवसाय करावयाचा होता, त्याची वाट बिकट होती. सालिम अली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याते होते. रजा काढून ते बर्लिनला शिकून आले, तो १९३० मध्ये पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! ते अलिबागजवळच्या किहीम येथे जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे रोज निरीक्षण करू लागले. आपल्या भाषेने या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले खरे. पण घरटे विणतो तो नर. तो ते अर्धवट विणून थांबतो, मादी येऊन पारख करते, आणि तिने पसंत केले तरच ते पुरे होते. मादी अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या या लेखाने सालिम अलींचे नाव झाले. मात्र त्यामुळे पगाराची जागा काही मिळाली नाही. पुढे संस्थानोसंस्थानी पक्ष्यांची पाहणी करीत त्यांनी दिवस काढले.

पगारी कामाला जोर आला तो एका रोगामुळे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर अरण्यज्वर उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. तेव्हा तो स्थलांतरी पक्ष्यांबरोबर तिकडून आला काय, अशी शंका निघाली. त्या शोधार्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम १९५९ मध्ये हाती घेतले. त्याच वर्षी भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, हा योगायोग येथील वाचकांस मौजेचा वाटेल. या कामातून तरुण संशोधकांची एक पिढी तयार झाली.

आज मार्ग पुष्कळ आहेत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था १९८२ पासून चालू आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गांधीलमाशांच्या समाजजीवनावर दीर्घ संशोधन झाले आहे. जागा अजूनही मोजक्याच. म्हणून पालकांची चिंता अनाठायी म्हणता येत नाही. परंतु या इतिहासात जागा निघण्याच्या पुष्कळ आधी निरीक्षण सुरू झालेले दिसते. मुलाला खरी ओढ आहे की क्षणिक हौस, हे पदवीच्या आधी त्याची टिपणवहीच सांगेल. ती वही आमच्या बदलीच्या प्रत्येक गावी भरता येते, आणि तिला खर्चही फारसा नाही.