डायलिसिसवर असलेल्या माणसासाठी ब्लँकेट विणताय? लोकर आणण्याआधी हे वाचा

आजारी माणसाला भेटायला जाताना हातात काहीतरी असतंच. शहाळं, मोसंबी, डाळिंब, अगदीच नाही तर बिस्किटांचा पुडा. पण ज्याच्या किडन्या निकामी झाल्या आहेत आणि डायलिसिस सुरू आहे, त्याला यातलं बरंचसं चालत नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, फळांतही ते असतं, आणि निकामी किडनीला ते पुरेसं बाहेर टाकता येत नाही. रक्तात पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय दिवसभरात पाणी किती प्यायचं, तेही मोजून दिलेलं असतं. त्यामुळे पाहुण्यांनी आणलेली पिशवी बहुतेक वेळा घरातली बाकीची मंडळीच संपवतात.

अशा माणसाला खरोखर उपयोगी पडणारी वस्तू म्हणजे अंगावर घ्यायचं हलकं ब्लँकेट. विणता येणारं कुणी घरात असेल तर ते विकत आणायचीही गरज नाही. मात्र डायलिसिससाठीचं ब्लँकेट आणि घरच्या पलंगावरचं ब्लँकेट यांत फरक आहे, आणि तो फरक नुसत्या हौसेचा नाही.

थंडी का वाजते?

डायलिसिसमध्ये रक्त नळ्यांतून शरीराबाहेर जातं, यंत्रातून शुद्ध होऊन परत येतं. बाहेरच्या या प्रवासात ते थोडी उष्णता गमावतं. यंत्रातल्या द्रावणाचं तापमान काही वेळा मुद्दाम शरीरापेक्षा थोडं कमी ठेवतात, कारण त्याने मध्येच रक्तदाब कोसळण्याचा धोका कमी होतो. किडनीच्या आजारात हिमोग्लोबिनही बहुधा कमी असतं आणि त्यानेही थंडी जास्त जाणवते. वर एसी सुरू. एक सत्र साधारण ४ तासांचं आणि आठवड्यातून २ किंवा ३ वेळा. एवढा वेळ जवळजवळ एका जागी, हात न हलवता बसायचं असतं.

यावर गरम पाण्याची पिशवी किंवा विजेवरचं ब्लँकेट हा उपाय सुचतो, पण तो नर्सला विचारल्याशिवाय करू नये. अंग तापलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब खाली येऊ शकतो. साधं, हलकं, हवं तेव्हा बाजूला करता येणारं पांघरूण बरं.

हात झाकायचा नाही

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि ती विणणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही. डायलिसिससाठी बऱ्याच रुग्णांच्या हातात ‘फिस्टुला’ केलेला असतो, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर एकमेकांना जोडलेली असतात. त्यात दोन सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं. वेग मिनिटाला साधारण ३०० मिलिलिटरच्या आसपास. रक्त नळीत गोठू नये म्हणून बहुतेकांना हेपॅरिनही दिलेलं असतं. अशात परतीची सुई निसटली तर काही मिनिटांत जिवावर बेतेल एवढं रक्त जाऊ शकतं. यंत्राचा अलार्म अशा वेळी दर वेळी वाजेलच असं नाही. म्हणून सुया टोचलेला हात सत्रभर उघडा आणि नर्सच्या नजरेसमोर असावा लागतो. गळ्याजवळ किंवा छातीवर कॅथेटर असेल तर त्याच्या जोडण्यांनाही हाच नियम.

गळ्यापर्यंत ओढून घ्यायचं भलंमोठं ब्लँकेट इथे म्हणूनच चुकीचं. ९० बाय १२० सेंटिमीटरचं, कमरेपासून पावलांपर्यंत पुरेल असं, पुरे होतं. उरलेल्या खांद्यावर हवी तर एक शाल.

रंगाचंही तसंच. ‘डाग दिसू नयेत’ म्हणून मरून किंवा गडद निळा घेण्याकडे कल असतो. इथे नेमकं उलटं करावं. गडद लोकरीवर रक्त पटकन ओळखू येत नाही. फिकट रंगावर आयोडीनचा तपकिरी डाग पडेल, तो पडू द्यावा.

झालरी आणि गोंडे नकोत. ते नळ्यांत आणि व्हीलचेअरच्या चाकात अडकतात. क्रोशाची जाळीदार वीणही टाळावी, तिच्यात बोटं आणि चिकटपट्ट्यांची टोकं अडकतात. हौशी विणणाऱ्याला हे जड जाईल, कारण शोभेचा सगळा भाग यातच असतो.

लोकर म्हणून मिळते ती लोकर असतेच असं नाही

दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात. तसं असेल तर वाईट काही नाही. ॲक्रिलिक हलकं असतं, मशीनमध्ये धुता येतं, लवकर वाळतं आणि त्याला कसर लागत नाही. डायलिसिसला नेलेलं ब्लँकेट वारंवार धुवावं लागणार, म्हणून इथे तेच सोयीचं. फक्त त्यावर इस्त्री फिरवायची नाही, नाहीतर वीण लुळी पडते, आणि ती पुन्हा सावरत नाही.

गुंड्यावर काही लिहिलेलं नसेल तर धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, ताटलीवर जाळून बघावा. खरी लोकर जळक्या केसांसारखा वास देते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळून कडक गोळी होतं. सूत कागदासारखं जळतं. घरी ऑक्सिजन लावलेला रुग्ण असेल तर कुठलंही पांघरूण देवघरातल्या समईपासून आणि उदबत्तीपासून लांबच हवं, पण वितळून अंगाला चिकटणारं ॲक्रिलिक तर नक्कीच.

दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी उबेला उत्तम, पण तो धागा जाडाभरडा. किडनीच्या आजारात आधीच अंगाला खाज सुटते, त्यात ती टोचणार. मऊ मेरिनो चालेल, पण साधी मेरिनो गरम पाण्यात चुकून धुतली की आटून नमद्यासारखी होते. सुती धागा मऊ खरा, पण जड, आणि कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

हिशोब आधी, टाके नंतर

पोटातून इच्छा झाली की माणूस थेट दुकानात जातो. आधी वेळ मोजावा. मध्यम जाडीचा धागा आणि ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर साधारण १० सेंटिमीटरला २२ टाके बसतात. ९० सेंटिमीटर रुंदीला १९८ टाके. दोन्ही बाजूंनी सुलट विणलं तर १० सेंटिमीटर उंचीला सुमारे ४० ओळी, म्हणजे १२० सेंटिमीटरला ४८० ओळी. एकूण ९५ हजार टाके! मिनिटाला २५ टाक्यांचा हात असेल तर ६३ तास. रोज एक तास मिळाला तर दोन महिने, आणि धागा अर्धा किलोच्या आसपास.

जाड धागा आणि साडेपाच मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर हेच काम सुमारे ५५ हजार टाक्यांत, ३७ तासांत होतं. ब्लँकेट थोडं वजनदार होईल, पण आजारी माणसाला ते या थंडीत मिळेल, पुढच्या नाही.

वीण दोन्ही बाजूंनी सुलटच ठेवावी. एक ओळ सुलट, एक उलट असं विणलेल्या कापडाच्या कडा गुंडाळतात. शिवाय सुलट वीण कुठल्याही ओळीवर थांबवता येते. तब्येत बिघडली, तारखा बदलल्या, हाताशी वेळ उरला नाही, तर ६० सेंटिमीटरवर टाके बंद केले तरी गुडघ्यांवर घेण्यापुरतं ब्लँकेट तयार असतं. मधोमध मोठी नक्षी योजली असेल तर ही सोय राहत नाही.

काम वाटूनही घेता येतं. १५ सेंटिमीटरचे ४८ चौकोन मामी, आत्या, नाशिकची बहीण आणि न्यू जर्सीचा भाचा मिळून विणू शकतात. धागा आणि सुईचा नंबर मात्र एकाच घरातून ठरवून पाठवावा. गुंड्याच्या कागदावरचा रंगाचा लॉट नंबरही एकच बघावा. तरीही कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, म्हणून जोडण्याआधी चौकोन ओले करून एकाच मापाला टाचून वाळवतात. चेन्नईत २०१६ साली बायकांनी असे क्रोशाचे तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठं ब्लँकेट केलं आणि गिनीज बुकात विक्रम नोंदवला. त्यापुढे ४८ चौकोन काहीच नाहीत.

केमोथेरपी असेल तर

नियम थोडे बदलतात. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, तेव्हा ब्लँकेट धुऊन, पूर्ण वाळवून, स्वच्छ पिशवीतच न्यावं. अतिदक्षता किंवा बोन मॅरो विभागात बाहेरचं कापड बहुधा चालत नाही, आधी वॉर्डात विचारावं. वासाने मळमळ वाढते, म्हणून सुगंधी कंडिशनर आणि डांबरगोळ्या दोन्ही नकोत. ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधानंतर गार वस्तूला हात लागला तरी मुंग्या येतात. पलंगाचा गार दांडा झाकायलाही मग छोटं ब्लँकेट कामी येतं.

केमो घेणाऱ्या मुलीला तिच्या ब्लँकेटने कसा धीर दिला, हे एका मासिकात वाचून अमेरिकेतल्या एका बाईंनी १९९५ मध्ये आजारी मुलांसाठी ब्लँकेटं जमवायला सुरुवात केली. ‘प्रोजेक्ट लायनस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. नाव ‘पीनट्स’ या चित्रमालिकेतल्या, ब्लँकेट कधीही न सोडणाऱ्या मुलाचं.

दिल्यानंतर

प्रत्येक सत्रानंतर ब्लँकेट घरीच धुवावं. इस्पितळाच्या धुलाईत पाणी फार गरम असतं, हातविणीला ते सोसत नाही, आणि गेलेलं ब्लँकेट परत येईलच याचीही खात्री नाही. कोपऱ्यात नावाची पट्टी शिवून द्यावी. रक्ताचा डाग पडला तर लगेच गार पाण्यात भिजवावा. गरम पाण्याने तो पक्का होतो.