वॉर्डात लिहिलेली प्रणाली

२९ ऑगस्ट २००५. कतरिना वादळ धडकलं आणि न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेलं. दवाखान्यांच्या कपाटांत रचलेले केसपेपर भिजले. कुणाला कोणतं औषध चालू होतं, कशाची ॲलर्जी होती, हे सांगणारा कागदच गेला. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयावर मात्र ही वेळ आली नाही. तिथल्या नोंदींच्या टेप ह्यूस्टनला पोचल्या, आणि सुमारे ५० हजार रुग्णांचा इतिहास तिथे पुन्हा पडद्यावर दिसू लागला.

या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीचं नाव व्हिस्टा. तिच्या जन्माची कथा बंडाची आहे.

अमेरिकेत माजी सैनिकांची रुग्णालयं चालवणाऱ्या खात्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात. १९७७ मध्ये टेड ओनील आणि मार्टी जॉन्सन यांनी तिथे एक वेगळा प्रयोग सुरू केला. प्रोग्रॅम मुख्यालयात बसून लिहायचे नाहीत, तर रुग्णालयात, डॉक्टर आणि औषधवाल्यांच्या शेजारी बसून लिहायचे. भाषा निवडली ‘मम्प्स’. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६६ च्या सुमारास ती खास वैद्यकीय नोंदींसाठी घडवली गेली होती. खात्याच्या केंद्रीय संगणक विभागाला हा कारभार खपला नाही. काहींच्या नोकऱ्या गेल्या, यंत्रं काढून नेली गेली. तरीही हे लोक थांबले नाहीत. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या गावच्या रुग्णालयात जायचा, तिथे सुधारून पुढे सरकायचा. स्वतःला ते ‘हार्डहॅट्स’ म्हणवत. १९८२ मध्ये खात्याच्या प्रमुखांनीच त्यांच्या कामाला मान्यता दिली.

या पद्धतीचं सर्वांत सुंदर फळ एका नर्सच्या डोक्यातून आलं. कॅन्ससमधल्या टोपेका इथल्या स्यू किनिक यांनी १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना पाहिलं, की कर्मचारी गाडीवरचा बारकोड वाचून क्षणात हिशेब पुरा करतो. मग रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट असंच का ताडून पाहू नये? पुढे काही वर्षांत व्हीएच्या रुग्णालयांमध्ये देशभर तसंच होऊ लागलं. चुकीच्या खाटेवर चुकीचं औषध जाण्याला त्यामुळे मोठा अडसर बसला.

पण जिथली गरज तिथे बदल, या वृत्तीचीही किंमत होती. व्हिस्टाच्या सुमारे १३० वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या, मम्प्स जाणणारे एकेक करून निवृत्त होऊ लागले. शिवाय सैन्यातून बाहेर पडणाऱ्याची फाइल संरक्षण खात्याकडून व्हीएकडे नीट जात नव्हती. संरक्षण खात्याने सर्नर कंपनीची प्रणाली घेतली होती. २०१८ च्या मे महिन्यात व्हीएनेही तीच घेण्याचा सुमारे १० अब्ज डॉलरचा करार केला. कारण रास्त होतं.

२४ ऑक्टोबर २०२० रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनमध्ये व्हिस्टा बंद झाली आणि नवी प्रणाली सुरू झाली. तिच्यात एक अशी रांग होती, जिची डॉक्टरांना कल्पनाच नव्हती. तपासणीची किंवा तज्ज्ञाकडे पाठवण्याची ऑर्डर कुठे जायची हे नीट जुळलं नाही, तर ती या ‘अज्ञात’ रांगेत पडून राहायची. डॉक्टरला वाटायचं, ऑर्डर गेली. व्हीएच्या महानिरीक्षक कार्यालयाने जुलै २०२२ मध्ये अहवाल दिला. त्यात अशा ११ हजारांहून अधिक ऑर्डर आणि रुग्णांना अपाय झाल्याच्या १४९ घटना नोंदल्या आहेत. यातल्या प्रत्येक ऑर्डरमागे फोनची वाट पाहणारा एक माणूस होता.

हा दोष एका बटणाचा नव्हता. जुन्या प्रणालीत कुणी कुणाला काय कळवायचं, हे ४० वर्षांत वॉर्डांनी घासूनपुसून बसवलेलं होतं. नवीन प्रणाली विकत आली, पण ती जुळणी तिच्यासोबत येणं शक्यच नव्हतं. बदल करायचा होता, तर ती माहिती नर्स आणि औषधवाल्यांकडून आधी गोळा करायला हवी होती.

नवी प्रणाली पाच केंद्रांत पोचल्यावर एप्रिल २०२३ मध्ये पुढचा विस्तार थांबवण्यात आला. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खाते आणि व्हीए मिळून चालवत असलेल्या नॉर्थ शिकागोच्या केंद्रात मात्र ती सुरू झाली. त्या वेळी व्हीएच्या बहुतेक रुग्णालयांत नोंदी व्हिस्टातच होत होत्या.