ट्रामने हलवलेली वेधशाळा

१८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसले, की तारेतून वीज वाहू लागताच शेजारच्या होकायंत्राची सुई वळते. प्रवाह तिथे चुंबकत्व. शाळेत खिळ्याभोवती तार गुंडाळून केलेला विद्युतचुंबक याच तत्त्वावर चालतो. मुंबईत याच तत्त्वापायी एक वेधशाळा हलवावी लागली.

कुलाबा वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मोजले जात असे. सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात त्याचे क्षितिजसमांतर बल सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरले, ते इथे टिपले गेले. त्या वादळाची तीव्रता ठरवताना संशोधक आजही हेच आकडे उघडतात.

पुढे घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरले. ट्रामचा प्रवाह रुळांतून परततो, काही जमिनीतही पसरतो. अशा प्रवाहाचे चुंबकत्व मिसळले, तर सुई सूर्यामुळे हलली की ट्राममुळे, हे कसे ओळखावे?

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली गेली. मला मोलाची वाटते ती त्यांची पुढची दक्षता: १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली. दोन जागांच्या आकड्यांतला फरक त्यातून कळला आणि जुनी नोंदमाला नवीला जोडता आली.

१९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. १९६४ मध्ये ती बंदही झाली. अलिबागची मोजमापे अजून चालू आहेत.