पोफळी मोडल्या तो बुधवार

२० मे २०२०, बुधवार. तुम्ही कोलकात्यात, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीला आतून टेबल लावून उभे आहात. बाहेर अम्फान घोंगावतंय. दुपारी बकखालीजवळ ते किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १५५ ते १६५ किलोमीटर होता. भर समुद्रात तर ते सुपर सायक्लोन झालं होतं. बंगालच्या उपसागराने १९९९ नंतर असं वादळ पाहिलं नव्हतं. त्या वर्षी ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. या वेळी एकट्या बांगलादेशात वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कॉलेज स्ट्रीटवर उतरता. पाण्यात पुस्तकं तरंगतायत. एक दुकानदार भिजून फुगलेल्या पुस्तकाची पानं नखाने एकेक सोडवतोय. पश्चिम बंगालमध्ये ९८ जण गेल्याचं पुढे सरकार सांगेल.

अम्फान हे नाव थायलंडचं, अर्थ आकाश. २००४ च्या यादीतलं ते शेवटचं नाव. १३ देशांच्या १६९ नावांची नवी यादी एप्रिलमध्येच जाहीर झालीय आणि तिच्यातलं पहिलं नाव बांगलादेशने दिलंय: निसर्ग. ते कोणावर येऊन पडणार, हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

तेरा दिवस पुढे या. देशाच्या या टोकाला, श्रीवर्धनला.

२ जून, मंगळवार. अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या वर तापलंय. वादळाला साडेसव्वीस पुरतात. इथली वादळं बहुधा गुजरातकडे नाहीतर ओमानकडे निघून जातात, पण हे निसर्ग ईशान्येला वळून थेट रायगड जिल्ह्यावर येतंय. जीवना बंदरात होड्या वर ओढून दोरांनी जखडल्यात. लॉकडाऊनमुळे मुंबईहून आलेले चाकरमानी गावातच आहेत. किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं तोंडाला मास्क बांधून शाळेत जाऊन बसलीत. करोनात एकमेकांपासून लांब राहायचं की वादळात एकमेकांना धरून बसायचं, असा पेच सगळ्यांपुढे आहे.

तुम्ही उतरलात ते घर वाडीतलं. पुढे ओटी, मागे पडवी, त्यामागे विहीर, आणि मग नारळ-पोफळींची दाटी. संध्याकाळी काका झाडांच्या आळ्यांतून फिरून येतात. "ही वडलांनी लावलेली," एका पोफळीवर हात ठेवून ते सांगतात. खाली रोठा सुपारी पडलीय, ती उचलून खिशात टाकतात. आजी म्हणते, "फयान वादळ पाहिलंय आम्ही. जाईल हेही."

३ जून, बुधवार. सकाळपासून पाऊस आडवा येतोय. अकराला वीज जाते. बाराच्या पुढे वाऱ्याचा आवाज बदलतो; शिट्टी थांबते आणि मालगाडी अंगणातून जावी तशी सलग घरघर सुरू होते. हवामान खात्याच्या नोंदीत साडेबारा ते अडीच ही वादळ किनारा ओलांडण्याची वेळ, आणि वेग ताशी १०० ते ११०, मधूनच १२०. तुम्ही माजघरात पाठीने दार दाबून उभे आहात. वर कौलं घसरतायत. आधी एकेक, मग ओळच्या ओळ. आढ्याच्या फटीतून पाणी सरळ देवघरावर पडतंय. आजी देव पदरात घेऊन बसलीय.

दाराच्या फटीतून वाडी दिसते. पोफळ आधी लवते. धनुष्यासारखी लवते, शेंडा शेजारणीला टेकतो, परत उभी राहते. दोनदा, तीनदा. मग मधोमध कडाका होतो आणि ती मोडते. नारळ तसा मोडत नाही. तो मुळांनिशी, मातीचा मोठा गड्डा घेऊन आडवा होतो आणि जाताना चार पोफळींना खाली घेतो. वादळाचं केंद्र पुढे सरकतं, तशी वाऱ्याची दिशा फिरते. मघाशी ज्या झाडांना घराचा आडोसा होता, त्यांचीही आता पाळी येते. काका मोजायला लागतात. अकरानंतर मोजणं सोडून देतात.

चारच्या सुमाराला सगळे बाहेर येतात. पहिली गोष्ट लक्षात येते ती उजेड. या अंगणात दुपारी एवढं ऊन कधी पडलंच नव्हतं. विहीर झावळ्यांनी बुजलीय, रस्ता दिसत नाही, फोन मुका झालाय. परवा वटपौर्णिमा, आणि गावातले वड उलथून पडलेत. तरी घरातली सगळी माणसं आहेत. राज्यात या वादळाने सहा जीव घेतले. इशारा वेळेवर आला नसता, तर हा आकडा कुठे गेला असता?

आणखी काही आठवडे थांबा. अजून कितीतरी वाड्यांवर वीज नाही. मदत जाहीर होते, बागांना हेक्टरी ५० हजार रुपये. पण इथे वाडी गुंठ्यांत मोजतात आणि हेक्टर म्हणजे शंभर गुंठे. गुंठ्याला पाचशे रुपये! पडलेली झाडं तोडून वाहून न्यायची मजुरीही त्यात भागत नाही. ओरड झाल्यावर झाडागणिक हिशेब होतो: नारळाला २५०, पोफळीला ५०.

वर्ष पुढे सरकतं. नोव्हेंबरात भारताने नाव दिलेलं गती सोमालियाच्या रास हाफूनवर धडकतं, निवार पुदुच्चेरीजवळ येतं, डिसेंबरात बुरेवी श्रीलंकेत. पाच नावं, पाच किनारे, आणि मोसमाची नोंद पुरी होते.

पण काकांच्या वाडीत ती पुरी होत नाही. माणसं वाचवायला आपण शिकलो, याचा अभिमान जरूर बाळगावा. माणूस ज्याच्यावर जगतो ते वाचवायला, निदान त्याची खरी किंमत मोजायला, आपण अजून शिकलेलो नाही. वादळाने घेतले दोन तास. त्या पावसाळ्यात काकांनी लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात.