बार्सेटचा निरोप

पारायणाची पोथी संपत आली म्हणजे श्रोते सावरून बसतात. कथेत काय घडले ते त्यांस पूर्वीपासून ठाऊक असते. तरीही फलश्रुतीची ओवी कानी पडल्यावाचून आसन सोडण्यास कोणी राजी नसतो. कादंबरीच्या वाचकाची स्थिती याहून फारशी निराळी नाही. एका कादंबरीचा शेवट साधणे हेच मुळात अवघड. मग एकामागून एक निघालेल्या पाचसहा कादंबऱ्यांतील माणसे वाचकांच्या घरची होऊन बसल्यावर त्या साऱ्यांचा शेवट साधणे किती अवघड असेल? तेथे लेखक एका कथेचा नव्हे, तर एका अख्ख्या वस्तीचा निरोप घेत असतो.

आपल्याकडे ही अडचण हरिभाऊ आपटे यांच्या काळापासून परिचयाची आहे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातून आठवड्याच्या हप्त्यांनी कादंबऱ्या दिल्या. १८९५ ते १८९७ या काळात 'उषःकाल' आली आणि पुढे 'सूर्योदय', 'सूर्यग्रहण' अशा नावांनी शिवकालाचीच कथा त्यांनी पुन्हा हाती घेतली. परंतु हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या शेवटास न जाता अपूर्णच राहिल्या, हेही मराठी वाचक जाणतात. हप्त्यांनी लिहिणाऱ्यास आरंभ जितका सुलभ, तितकाच शेवट दुष्कर. म्हणूनच ज्या एका लेखकाने सहा कादंबऱ्यांची मालिका जाणूनबुजून आणि समाधानकारक रीतीने संपविली, त्याचे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

हा लेखक म्हणजे इंग्लंडचा अँथनी ट्रॉलप (१८१५-१८८२). पेशाने हा टपाल खात्यातील अधिकारी. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलच्या आवारात उन्हाळ्यातील एका संध्याकाळी फिरत असता त्याला 'द वॉर्डन' या कादंबरीची कल्पना सुचली. बार्सेटशर नावाचा एक काल्पनिक परगणा, बार्चेस्टर हे त्यातील कॅथीड्रलचे गाव, आणि तेथील बिशप, आर्चडीकन, डीन व पाद्री ही त्यातील माणसे. गोव्यातील वाचकांस हे शब्द घरचेच आहेत. १८५५ साली 'द वॉर्डन' निघाली तेव्हा वर्षअखेरीस लेखकाच्या हाती ९ पौंड ८ शिलिंग ८ पेन्स पडले. पुढे 'बार्चेस्टर टॉवर्स' (१८५७), 'डॉक्टर थॉर्न' (१८५८), 'फ्रॅम्ली पार्सनेज' (१८६१) व 'द स्मॉल हाउस ॲट ॲलिंग्टन' (१८६४) अशी मालिका वाढत गेली. लेखकाने त्या परगण्याचा नकाशाही स्वतःसाठी काढून ठेवला होता. शेवटची 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट' डिसेंबर १८६६ पासून जुलै १८६७ पर्यंत सहा पेन्स किमतीच्या बत्तीस साप्ताहिक भागांत प्रसिद्ध झाली आणि तिच्याबद्दल त्याला ३,००० पौंड मिळाले. अशी दुभती गाय कोणी आपण होऊन सोडीत नाही. ट्रॉलपने ती सोडली. त्याने त्यानंतर पुष्कळ कादंबऱ्या लिहिल्या, परंतु बार्सेटची कादंबरी पुन्हा लिहिली नाही.

या शेवटच्या ग्रंथाचे कथानक एका वीस पौंडांच्या चेकभोवती फिरते. जोसाया क्रॉली नावाचा गरीब, विद्वान आणि हट्टी पाद्री तो चेक वटवितो. परंतु तो आपल्या हाती कोठून आला, हे त्याला सांगता येत नाही. चोरीचा आरोप येतो. त्याची कन्या ग्रेस हिच्याशी आर्चडीकन ग्रँटलीचा मुलगा लग्न करू पाहतो, आणि चोर म्हणविल्या जाणाऱ्या माणसाशी सोयरीक कशी जोडावी, म्हणून बाप संतापतो. हे कोडे फारसे बळकट नाही. इतका मोठा विसर एखाद्या माणसास पडेल हे आपल्यालाच पुरतेपणी पटले नव्हते, अशी कबुली ट्रॉलपने आपल्या आत्मचरित्रात, जे त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली प्रसिद्ध झाले, मोकळेपणाने दिली आहे. तरीही आपल्या कादंबऱ्यांत एकंदरीने हीच सर्वोत्कृष्ट, असे त्याचे मत होते. तेव्हा या शेवटाचे समाधान रहस्याच्या उकलीत नाही. ते अन्यत्र शोधिले पाहिजे.

आमच्या मते ते पहिल्या ग्रंथाकडे परतण्यात आहे. चेक ज्या पाकिटात घातला गेला ते डीन ॲराबिन याची पत्नी एलिनॉर हिच्या हातचे होते. क्रॉलीची अब्रू वाचते ती तिच्या साक्षीने. ही एलिनॉर म्हणजे 'द वॉर्डन'चा नायक वृद्ध हार्डिंग याची धाकटी कन्या. हार्डिंग हा त्या पहिल्या कथेत बारा निराश्रित वृद्धांच्या धर्मशाळेचा प्रमुख होता. सालीना आठशे पौंडांचे वेतन आपल्यास न्यायाने मिळते काय, ही शंका वर्तमानपत्राने उपस्थित केली आणि ती मनात शिरताच, कोणी भाग पाडले नसता, त्याने ती जागा सोडली. मनावर ताण आला की हवेतच चेलो वाजविल्यासारखे हात हलविण्याची त्याची सवय वाचकांस पहिल्या ग्रंथापासून माहीत आहे. शेवटच्या ग्रंथात त्याला ते वाद्य पेलवत नाही. नुसत्या एका तारेचा मंद स्वर मधूनमधून घरात ऐकू येतो. नातीबरोबर बोटांवर दोरा गुंतविण्याचा खेळ खेळत खेळत तो क्षीण होत जातो आणि शांतपणे मरण पावतो. बारा वर्षांपूर्वी ज्या माणसापासून कथा सुरू झाली, त्याच्यापाशीच ती येऊन थांबते. अब्रू आणि पैसा यांत अब्रू निवडणारा एक पाद्री आरंभी, आणि अब्रूसाठीच झुरणारा दुसरा पाद्री शेवटी. दोघांची कथा मुळात एकच आहे.

दुसरा प्रसंग मिसेस प्राउडी हिचा. बिशपास धाकात ठेवणारी ही बाई 'बार्चेस्टर टॉवर्स'पासून वाचकांस हसवीत आणि चिडवीत आली होती. लंडनच्या अथेनिअम क्लबात बसून ट्रॉलप हा ग्रंथ लिहीत असता जवळच दोन पाद्री त्याच्या कादंबऱ्यांविषयी बोलत होते. तीच ती पात्रे हा पुनःपुन्हा आणतो, अशी त्यांची तक्रार. ट्रॉलप उठला, अपराधी आपणच असल्याचे त्याने सांगितले, आणि आठवड्याच्या आत तिला ठार करण्याचे वचन दिले. त्या गृहस्थांनी शरमून क्षमा मागितली. पण वचन पाळले गेले. थट्टेत ठरलेले हे मरण कथेत मात्र थट्टेचे झाले नाही. पत्नी गेली याचा आपल्याला आनंद होऊ नये, अशी बिशप देवाची करुणा भाकतो. तिच्यापासून सुटका व्हावी असे मनात आणलेल्या वाचकास येथे स्वतःचीच लाज वाटते. तिला मारल्याचा आपल्याला मागाहून पश्चात्ताप होई, असे ट्रॉलपने लिहून ठेविले आहे.

तिसरी गोष्ट लिली डेलची. क्रॉस्बीने वचन मोडून तिला टाकले, आणि जॉन ईम्स तिच्यावर निष्ठेने प्रेम करीत राहिला. या दोघांचे लग्न लावून द्या, अशी विनवणी करणारी पत्रे ट्रॉलपला वर्षानुवर्षे येत. शेवटच्या ग्रंथात एलिनॉरचा शोध घेत फ्लॉरेन्सपर्यंत जाणारा आणि क्रॉलीला सोडविणारा हाच ईम्स. कोणत्याही नेहमीच्या कादंबरीत अशा पराक्रमाचे बक्षीस म्हणून कन्या मिळालीच असती. परंतु लिली त्यालाही नकार देते, आणि विधुर होऊन पुन्हा जवळ येऊ पाहणाऱ्या क्रॉस्बीलाही. आपल्या वहीत स्वतःच्या नावापुढे ती जन्मभर अविवाहित राहणाऱ्या स्त्रीचे बिरुद लिहिते. लग्न लावले असते तर वाचक हर्षले असते, पण लिली लिली राहिली नसती. इतकी पत्रेही आली नसती, हे लेखकाने ओळखले होते.

या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या म्हणजे मालिकेच्या समाधानकारक शेवटाचा अर्थ ध्यानात येतो. ट्रॉलपने क्रॉलीला निर्दोष ठरविले, त्याला चांगली जागा दिली, ग्रेसचे लग्न लावले. गोड घास त्याने वाढलेच. परंतु सगळीच पाने गोड वाढली नाहीत. हार्डिंगचे मरण वाचकास हवेसे नव्हते, पण त्याच्या वयाला आणि स्वभावाला ते साजेसे होते. लिलीचा नकार कोणासही नको होता, पण तिच्या जखमेचा तो खरा हिशेब होता. वाचक मागतो ते सुख आणि त्याला अखेर मानवते ते सत्य, यांत दर वेळी मेळ बसतोच असे नाही. जेथे बसत नाही, तेथे लेखकाने पात्राची बाजू घ्यावी, वाचकाची नव्हे. वाचक काही काळ रागावेल. पण खोट्या लग्नापेक्षा खरा नकार त्याच्या स्मरणात अधिक काळ राहील. लिलीच्या नकाराला दीडशेहून अधिक वर्षे लोटली, आणि तो बरोबर होता की नाही, याविषयी वाचक अजूनही भांडतात. यापरती फलश्रुती कोणती मागावी?