एस्प्रेसो, ‘एक्स्प्रेसो’ आणि बसायची जागा

आजचा भाग कॉफीवर. आता नांदेड-लातूरवाले म्हणतील, “कॉफीचा इतिहास? आणि तो आपल्याकडं? आपण तर चहावाले!” बरोबर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्यामुळे आपल्या हॉटेलांची चव हैदराबादकडं झुकलेली. तिकडचा इराणी चहा आपल्याला परका वाटत नाही. कॉफी म्हणजे घरी पाहुणे आले तर, जायफळ-वेलदोडा घालून, तीही कधीतरी.

पण मग गेल्या काही वर्षांत आपल्या गावांत जे छोटे छोटे कॅफे निघाले, काउंटरवर चकचकीत मशीन, पाटीवर कॅपुचिनो-लाते, ते आले कुठून? मला विचाराल तर ‘इटालियन’ कॉफी आपल्याकडं कॅफेच्या खूप आधी आली. ती आली लग्नाच्या मांडवात.

आई-वडिलांच्या लग्नाची किंवा मामाच्या रिसेप्शनची जुनी कॅसेट असेल तर बघा. जेवणाच्या पंगतीपलीकडं एका टेबलावर स्टीलची टाकी, खाली गॅस, वर दाब दाखवणारा काटा. माणूस जगमध्ये दूध घेतो, नळी आत घालतो, फुस्स्स आवाज होतो, आणि फेसाळ कॉफीवर चॉकलेट पावडर भुरभुरतो. पोरांची रांग लागलेली. नाव काय? ‘एक्स्प्रेसो कॉफी’!

आता हे नाव कुठलं, ते बघायला इटलीला जाऊ. १८८४ मध्ये तुरीन शहरात अँजेलो मोरिओंदो नावाच्या माणसानं वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते यंत्र एकदम भरपूर कॉफी काढायचं. मग १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरानं असं यंत्र काढलं, की गिऱ्हाईक समोर उभं असताना एकेक कप तयार होईल. ते पेटंट पुढं देसिदेरिओ पावोनीनं घेतलं आणि १९०६ च्या मिलानच्या जागतिक प्रदर्शनात ही कॉफी लोकांसमोर मांडली. काळ रेल्वेचा, कारखान्यांचा. सगळ्यांना घाई. एस्प्रेसो या शब्दात ‘झटपट’ही आहे, ‘खास तुमच्यासाठी केलेली’ही आहे आणि ‘दाबून काढलेली’ही आहे.

लातूरची गंजगोलाई १९१७ ची. म्हणजे तिथं सोळा रस्ते एकत्र येत होते, तेव्हा मिलानमध्ये अशी कॉफी मिळायला लागून दहा वर्षं होऊन गेली होती.

पण त्या कॉफीत एक खोट होती. वाफेचा दाब कमी आणि उष्णता जास्त, म्हणून कॉफी करपट लागायची. त्यावर मिलानच्याच आकिले गाज्जानं उपाय काढला. त्याचं पहिलं पेटंट १९३८ चं, मग मध्ये महायुद्ध, आणि १९४८ च्या सुमाराला त्याचं दांड्याचं मशीन बाजारात आलं. दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जायची आणि ती सुटताना गरम पाणी कॉफीतून जोरात ढकलायची. दाब हवेच्या दाबाच्या आठ-नऊ पट. कपावर सोनेरी साय आली. लोकांना आधी शंका आली, हा फेस कसला? तर गाज्जानं जाहिरात केली, की ही कॉफीची नैसर्गिक साय आहे. आज तीच ‘क्रेमा’ चांगल्या एस्प्रेसोची खूण मानतात.

थोडक्यात, इटालियन मशीनला दोन हात आहेत. एक दाबाचा, तो कॉफी काढतो. दुसरा वाफेचा, तो दूध फेसाळतो. आपल्या मांडवानं फक्त दुसरा हात उचलला. कॉफी इन्स्टंट, तिला दाब कशाला हवा? त्यामुळं आपली ‘एक्स्प्रेसो’ ही खरं तर कॅपुचिनोची लांबची मावसबहीण. आणि म्हणूनच नव्या कॅफेत कुणी हौसेनं एस्प्रेसो मागवतो, समोर दोन घोटांची काळी कडू कॉफी येते आणि चेहरा बघण्यासारखा होतो!

आता मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट सांगतो. इटलीत १९११ मध्ये एक कायदा झाला. त्यानं नगरपालिकांना गरजेच्या वस्तूंच्या किमतीवर मर्यादा घालायची मुभा दिली. त्यात कॉफीही आली, पण फक्त काउंटरवर उभ्यानं प्यायलेली. टेबलावर बसलात तर जास्त पैसे. म्हणून इटालियन माणूस आजही उभ्याउभ्या कॉफी घेतो, दोन शब्द बोलतो आणि निघतो. ओळखीचं वाटतंय ना? ही तर आपली टपरी! वजिराबादच्या टपरीवर अर्धा चहा मारणारा माणूस त्या अर्थानं कॅफेत बसणाऱ्यापेक्षा जास्त इटालियन आहे.

मग आपला कॅफे काय विकतो? माझं मत स्पष्ट आहे: खुर्ची. लातूरला आणि नांदेडला नीटच्या, बारावीच्या तयारीला बाहेरगावची किती पोरं येतात, तुम्हाला माहीत आहे. एका खोलीत तिघं-चौघं, कॉटबेसिसवर. तिथं फोनवर रडायलाही आडोसा नसतो. मुलांना निदान टपरी आहे. मुलींनी टपरीवर अर्धा तास उभं राहून बघावं, किती नजरा वळतात ते! कॅफेत एका कोल्ड कॉफीवर दोन मैत्रिणी तासभर टेस्ट सिरीजचे मार्क बोलतात, हसतात, कुणी हटकत नाही. चहाच्या कितीतरी पट पैसे त्या याचे देतात.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मालकाला मशीनचा खर्च, वीजबिल, जागेचं भाडं. एक कप घेऊन टेबल तीन तास अडलं तर त्याचं गणित बसत नाही, आणि मग कॅफे वर्षा-दोन वर्षांत बंद होतो. इटलीतला उभा कप स्वस्त राहू शकला, कारण तिथं गिऱ्हाईक दोन मिनिटांत जागा मोकळी करतं. आपल्याला नेमकं उलटं हवंय.

म्हणून मला वाटतं, शहरात बसायची जागा देणं हे एकट्या कॉफीवाल्यावर टाकून चालणार नाही. रात्री उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका, दिवे असलेली बाग, मुलींना निवांत बसता येईल असे बाक, हे नगरपालिकेचं काम आहे. ज्याच्या खिशात कॉफीचे पैसे नाहीत, त्या पोरालाही संध्याकाळी कुठंतरी टेकायचं असतं.

तोवर तुमच्या गावातला छोटा कॅफे टिकावा असं वाटत असेल, तर दुसऱ्या तासाला दुसरा कप मागवा. आणि पुढच्या लग्नात ‘एक्स्प्रेसो’च्या रांगेत उभे राहिलात, तर त्या वाफेच्या नळीला एक सलाम ठोका. भेटू पुढच्या भागात!